शेततळ्यातले मासे दरवर्षी मरतात? ऑक्सिजनपासून जड धातूंपर्यंत तपासायचा क्रम

मृगाचा पाऊस पडला की चार-आठ दिवसांत फोन सुरू होतात. "भाऊ, मासे पुन्हा मरायलेत ओ." त्यातला 'पुन्हा' मला खटकतो. एकदा मासे मेले तर ढगाळ हवा, जास्तीचं खाद्य, प्रवासात दमलेलं बीज, कारण काहीही असू शकतं. पण मागच्या वर्षी मेले, मग बीज बदललं, दुकानातून औषध आणून टाकलं आणि यंदा त्याच दिवसांत परत मेले, तर दोष बीजात शोधून उपयोग नाही. पाण्यात किंवा तळाच्या गाळात काहीतरी ठाण मांडून बसलंय.

जालना, अंबड, पैठण या पट्ट्यात मी बरीच वर्षं मत्स्यबीज पोचवतो आणि पोचवलेलं बीज जगलं का हेही जाऊन बघतो. मरतुकीच्या बहुतेक तक्रारी ऑक्सिजनवर येऊन थांबतात. पण काही ठिकाणी खरं कारण तांबं, जस्त, शिसं, क्रोमियम असे जड धातू निघतात. तिथं ओळखायला उशीर होतो, कारण धातू मिसळलेलं पाणी नितळ असतं, त्याला वास नसतो आणि मासेही एकदम मरत नाहीत. तोवर शेतकरी दोन-तीन हंगामांचं बीज आणि औषधांचे पैसे घालवून बसलेला असतो. म्हणून हा क्रम लिहितोय. फुकटात होणारं आधी, पैसे लागणारं नंतर.

आधी लक्षणं

- भर दुपारी, लख्ख ऊन असताना मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात.
- नवी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, टाकल्यावर दोन-चार दिवसांत मरते, जुने मासे मात्र तगून राहतात.
- रोज दोन-चार मासे काठाला लागतात, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं.
- खाद्य टाकलं तरी मासे जमत नाहीत. टाकलेलं तसंच तळाला जातं.
- कल्ल्यांवर आणि अंगावर बुळबुळीत थर चढतो. अंग काळपट पडतं, वाढ खुंटते, काहींचा कणा वाकडा होतो.
- शेपटी कुजणं, उवा, लाल चट्टे औषधानं जातात आणि महिन्याभरात परत येतात.

जुने मासे तगतात त्याचं कारण असं, की धातू थोडा थोडा अंगात गेला तर माशाचं यकृत त्याला बांधून ठेवणारं प्रथिन तयार करायला लागतं. नव्या बोटुकलीला तेवढी उसंत मिळत नाही. खाद्याकडे मासे का येत नाहीत? तांब्यानं त्यांची वास घेण्याची शक्ती मंदावते. खाद्य कुठं पडलं हे त्यांना कळतच नाही. आणि धातूंनी अंगातली प्रतिकारशक्ती खालावली की साधे रोगही ठाण मांडतात.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून लगेच धातूंवर बोट ठेवू नका. कणा वाकडा होणं क जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही होतं, काही कीटकनाशकांनीही होतं. तीन-चार लक्षणं एकत्र दिसली आणि ती दरवर्षी दिसली, तरच पुढं जा.

वही आणि घड्याळ

पहिली तपासणी फुकटातली. पहाटे पाचला आणि दुपारी दोनला तळ्यावर जा. सात दिवस वहीत लिहा: मासे वर आले का, किती मेले, कोणते मेले, मोठे की लहान.

पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री वापरतं. त्यामुळे ऑक्सिजनची सगळ्यात वाईट वेळ उजाडण्याआधीची. पहाटे कटला आणि चंदेरी (सिल्व्हर कार्प) वर येऊन धापा टाकत असतील, मोठे मासे आधी मरत असतील आणि ऊन चढल्यावर सगळे शांत होत असतील, तर हा ऑक्सिजनचा प्रश्न आहे. खाद्य कमी करा, पंपानं पाणी फवारा, दाटी कमी करा. पुढचं वाचायची गरज नाही.

मासे दुपारी दोनलाही वर असतील तर मात्र विचार करा. त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. तरी मासा गुदमरतोय म्हणजे कल्ला तो घेऊ शकत नाही.

आणखी एक नमुना लक्षात ठेवा. एका तासात सगळेच मेले, लहान आधी मेले, मासे झटके देत फिरत होते, पाण्यातले किडे आणि झिंगेही मेले, तर शेजारच्या कपाशीवर काय फवारलं ते विचारा. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं माशांना फार थोडीही पुरतात.

कल्ला उघडून बघा

नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा घ्या. सकाळपासून उन्हात पडलेला नको, त्याचा कल्ला काहीच सांगत नाही. झाकण वर उचला.

एका शेततळ्यावर दुपारी मी असाच पाऊण किलोचा कटला हातात घेतला होता. झाकण उचललं तर आत लालभडक कंगवा दिसायला हवा होता. तिथं राखाडी-गुलाबी लगदा होता. बोट लावून काढलं तर तार सुटावी तसा शेंबडासारखा चिकटा बोटासोबत आला. कंगव्याचे दात एकमेकांना चिकटले होते. मासा पाण्यात गुदमरून मेला होता आणि दोन हातांवर एरेटर चालू होता.

कल्ल्याचे हे बारीक पडदे माशाची फुप्फुसंही आहेत आणि अंगातलं मीठ राखण्याची जागाही तीच. तांबं आणि जस्त यांची पहिली धाड इथंच पडते. स्वतःला वाचवायला कल्ला चिकटा सोडतो, पडदे सुजतात, एकमेकांना जुळतात, आणि ऑक्सिजनला आत शिरायला वाटच उरत नाही. तांब्यानं अंगातलं सोडियम बाहेर पडायला लागतं. कॅडमियम तर कल्शियमच्याच वाटेनं आत घुसतं आणि कल्शियमला बाहेर ठेवतं. हाडं कमकुवत होतात ती त्यामुळेच.

रंगावरून एवढं ओळखा. कल्ले आणि रक्त चॉकलेटी असेल तर नायट्राइटकडे बघा. फिकट आणि चिकट असेल तर धातू असू शकतात, पण कल्ल्यात बसणारे बारीक कृमीही असाच चिकटा करतात. तो फरक डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो.

तळ्यात काय काय गेलं?

ही तपासणी लोकांना कमीपणाची वाटते, पण सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथंच सापडलंय. दहा कोसांत एकही कारखाना नसतानाही तळ्यात जड धातू येऊ शकतात, आणि ते आपल्याच हातानं.

मोरचूद (कॉपर सल्फेट) हे त्यातलं पहिलं नाव. शेवाळ झालं की पिशवी फोडून टाकायची सवय आहे. हिशेब करून बघा. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं भरलेलं असेल तर त्यात साधारण 22 लाख लिटर पाणी मावतं. 5 किलो मोरचूद टाकलं तर त्यातला पाव हिस्सा तांबं, म्हणजे सव्वा किलो. लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या थोडं वर. मे महिन्यात तळं पाव हिस्सा उरलं असताना तेच 5 किलो टाकलं, तर लिटरमागे सव्वादोन मिलिग्रॅम. हे माशांच्या जिवावर येणारं प्रमाण आहे. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं ते वेगळंच.

मोसंबीच्या बागांत डिंक्यासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. त्यात मोरचूदच असतं. ती बादली, तो ब्रश, फवारणीचा पंप कुठं धुतला? शेततळ्याच्या काठावर धुतला असेल तर पावसानं ते सगळं आत जातं. झिंक सल्फेट तळ्याच्या पाण्यातून ठिबकनं सोडलं का? नवी जी.आय. टाकी किंवा पत्र्याचं पिंप वापरलं का? जस्ताचा मुलामा नव्यानवा असताना पाण्यात उतरतो. कोंबडीखत टाकलं का? कोंबड्यांच्या खाद्यात तांबं आणि जस्त मुद्दाम घालतात, बरंचसं विष्ठेतून बाहेर येतं. जुन्या बॅटऱ्या काठाला ठेवल्या होत्या का?

घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. मालक "काहीच टाकलं नाही" म्हणतो आणि सालगड्याला विचारलं तर तो पिशवी आणून दाखवतो. तो खोटं बोलत नसतो आणि मालकही नसतो, दोघांचं एकमेकांत बोलणं झालेलं नसतं.

सामू, अमोनिया, कठीणपणा

मत्स्यखाद्याच्या दुकानात थेंब टाकून रंग बघायचे किट मिळतात. सामू (पीएच) साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान हवा. अमोनिया वाढला असेल तर आधी तो सोडवा, लक्षणं बरीच सारखी असतात.

कठीणपणा मात्र सगळे सोडून देतात, आणि धातूंच्या बाबतीत तोच कळीचा आहे. आपल्याकडे काळ्या पाषाणातलं विहिरीचं पाणी बहुधा जड, म्हणजे कठीण असतं. जड पाण्यातलं कल्शियम कल्ल्याच्या दारात आधीच उभं असतं, त्यामुळे तांब्याला, कॅडमियमला आत शिरायला जागा कमी मिळते. सामू जास्त असला की बराच धातू गाळात बसून राहतो. म्हणून उन्हाळाभर मासे तग धरतात. मग मृगाचा पाऊस येतो. पावसाचं पाणी मऊ, त्यानं कठीणपणा एकदम उतरतो. शिवाय उन्हाळ्यात उघडा पडून तडकलेला गाळ हवा लागून बदललेला असतो, ओला असताना गंधकानं धरून ठेवलेला धातू सुटा झालेला असतो, आणि पहिल्या पाण्याबरोबर तो वर येतो. फोन मृगातच का येतात, त्याचं हे उत्तर आहे.

कठीणपणा कमी असेल तर शेतीचा चुना टाकून वाढवता येतो. कळीचा चुना मासे असलेल्या तळ्यात टाकू नका, सामू झटक्यात चढतो. आणि अमोनिया जास्त असताना कुठलाच चुना नको, सामू वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो.

तीन ड्रम, चार दिवस

पाणी दोषी आहे की नाही हे मासाच सांगतो. तीन प्लास्टिकचे ड्रम घ्या, पत्र्याचे घेऊ नका. सावलीत ठेवा. पहिल्यात ज्या विहिरीच्या पाण्यात मासे जगल्याचा अनुभव आहे ते पाणी. दुसऱ्यात तळ्याचं पाणी. तिसऱ्यात विहिरीचंच पाणी, पण तळाचा दोन पाट्या गाळ टाकून, एक रात्र निवळू दिलेलं. तिन्हींत मत्स्यटाकीचा छोटा हवा पंप चालू ठेवा, म्हणजे ऑक्सिजनची शंका राहणार नाही. प्रत्येकी दहा बोटुकल्या सोडा, एकाच पिशवीतल्या. सोडण्याआधी पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. खाद्य देऊ नका. चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा.

तिन्ही ड्रममध्ये मेल्या तर बीज खराब. फक्त दुसऱ्यात मेल्या तर विष पाण्यात आहे. तिसऱ्यात मेल्या तर गाळात. कशातच नाही मेल्या तर आजचं पाणी ठीक आहे. विष एखाद्या वेळी येऊन जात असेल किंवा कारण ऑक्सिजन असेल. असं असेल तर हीच चाचणी पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी परत करा.

प्रयोगशाळेवर हजारो रुपये घालवण्याआधी हे कराच. यातून धातूचं नाव कळत नाही, पण पैसे कशाच्या तपासणीवर घालायचे ते कळतं.

पाणी येतं कुठून?

तळ्यात येणाऱ्या पाण्याच्या उलट दिशेनं चालत जा. पाट, ओढा, नाला, मोटारीचा पाइप, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत. छत्रपती संभाजीनगरातून खाम वाहते, चिकलठाण्याच्या बाजूनं सुखना, जालन्यातून कुंडलिका. शहराचं सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठी उन्हाळ्यात मोटारी लागतात, कारण विहिरी आटलेल्या असतात आणि नाल्याला पाणी असतं. दुष्काळात ते पाणी उचलणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण तेच पाणी शेततळ्यात साठवून त्यात मासे सोडले, तर उन्हानं पाणी उडून जातं आणि धातू मागे राहतात. धातू कुजत नाहीत, उकळून जात नाहीत.

चालताना बघा: मुलामा देण्याचं काम, बॅटऱ्या फोडण्याची जागा, भंगार जाळण्याची जागा, रंगीत किंवा फेसाळ पाणी, काठाला मेलेलं गवत. फोटो काढा, तारीख आणि वेळ लिहा. कोणाच्या आवारात शिरू नका, कोणाशी वाद घालू नका.

तलावातला गाळ आणून तळ्याच्या बांधाला टाकला असेल तर तो कुठल्या तलावाचा होता तेही लिहा.

प्रयोगशाळा

ड्रमनं बोट दाखवलं असेल तरच इथं या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला आधी फोन करा आणि बाटल्या त्यांच्याकडूनच मागा. धातूच्या तपासणीसाठी आम्लानं धुतलेली प्लास्टिकची बाटली लागते आणि नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं. ते काम त्यांचं, आपण घरी आम्लाला हात लावायचा नाही. पाण्यासोबत गाळाचा आणि माशाचाही नमुना द्या. पाण्यातला धातू येतो-जातो, गाळात आणि यकृतात तो साठून राहतो. पाणी 'स्वच्छ' आलं आणि गाळात भरपूर सापडलं, असं होतं.

अहवालावर 'पिण्यायोग्य' असा शेरा बघून निश्चिंत होऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जस्ताची मर्यादा लिटरमागे 5 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 15. तांब्याची 0.05, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5. माणसाच्या पोटाला चालणारं तेवढं तांबं-जस्त माशाच्या कल्ल्याला चालत नाही. उलट शिसं 0.01, कॅडमियम 0.003, पारा 0.001 या मर्यादांच्या वर आकडा दिसला तर प्रश्न माशांचा राहिलेला नाही, तुमच्या घरच्या माठाचा झालाय.

इथं हात थांबवा

खालीलपैकी काहीही असेल तर स्वतः प्रयोग करू नका.

अहवालात शिसं, कॅडमियम, पारा किंवा क्रोमियम जास्त आलं. तळ्याचं पाणी औद्योगिक वसाहतीच्या किंवा शहराच्या खालच्या नाल्याचं आहे. काही तासांत सगळं तळं मेलं आणि पाण्याचा रंग किंवा वास बदलला. ते पाणी प्यालेली जनावरं आजारी पडली. अशा वेळी तळ्यात उतरू नका, जनावरं बांधून ठेवा, आणि तळं उपसून नाल्यात, विहिरीत किंवा भाजीच्या शेतात सोडू नका. गाळही शेतात पसरू नका. तो काढणं हे जाणकारांचं काम आहे.

रोगाची शंका असेल तर उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय किंवा जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय गाठा. मासे बर्फात न्या, फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका. दूषित पाण्याची शंका असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा, प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तलाठ्याकडून मेलेल्या माशांचा पंचनामा त्याच दिवशी करून घ्या, दुसऱ्या दिवशी पुरावा सडलेला असतो. तुमचा नमुना दिशा दाखवण्यापुरता. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानंच घ्यावा लागतो.

जगलेले मासे विकू का?

हा प्रश्न मला हळू आवाजात विचारतात. कर्ज असतं, बाजाराचा दिवस असतो, मासे दिसायला चांगले असतात. माझं उत्तर एकच: अहवाल येईपर्यंत नाही, घरच्या कढईतही नाही.

जिवंत मासा म्हणजे खायला निर्धोक मासा, असं नसतं. 1956 साली जपानमधल्या मिनामाताला जो आजार उघड झाला, तो समुद्रात सोडलेल्या पाऱ्याचा होता, आणि तो पोहोचला माशांतून. लोकांनी रोजचे मासे खाल्ले होते. बहुतेक धातू यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत जास्त साठतात, पारा मात्र थेट मांसात बसतो, आणि लहान मासे खाणाऱ्या मरळीसारख्या माशात तो जास्त असतो. तळून, उकळून, हळद-मीठ लावून यातलं काहीच कमी होत नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं घरात असतील तर मुंडक्याचं कालवणसुद्धा नको. मेलेले मासे कुत्र्या-कोंबड्यांना घालू नका, विहिरीपासून लांब खड्डा करून चुना टाकून पुरा.

कारण सापडलं, पाण्याचा रस्ता बदलला, जाणकारांनी गाळाचा निकाल लावला, तरी लगेच दहा हजार बोटुकली टाकू नका. तळ्यात एक हापा (जाळीचा पिंजरा) लावा, त्याचा तळ गाळाला टेकेल इतका खोल. त्यात वीस बोटुकल्या सोडा आणि पंधरा दिवस थांबा. मधे एक चांगला पाऊस होऊन जाऊ द्या. त्या वीसही खाद्यावर तुटून पडत असतील, तर उरलेल्या बीजासाठी फोन करा.